जनरल रजिस्टरातली शाळा

आपल्याकडच्या स्मरणिकांमधला संस्थेचा इतिहास ठरलेल्या वाटेने जातो. संस्थापकांचा फोटो, पायाभरणीचा फोटो, देणगीदारांची उतरत्या रकमेने लावलेली यादी आणि शेवटी वर्षवार निकालाचा तक्ता. हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी झाला, तो शेवटचा पेपर टाकून बाहेर पडणारा मुलगा किंवा मुलगी या वाटेवर कुठे भेटतच नाही. भेटलाच तर पहिल्या तीन क्रमांकांत. आमच्या शाळेच्या स्मरणिका समितीने इतिहासाचं काम माझ्याकडे दिलं तेव्हा मी हेडसरांकडे एकच मागणी केली. देणगीदारांची वही राहू द्या, जनरल रजिस्टर पाहू द्या.

ज्यांनी कधी शाळेच्या कचेरीत पाऊल टाकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शाळेत नाव घातलं की ते या रजिस्टरात चढतं आणि त्याला एक नंबर पडतो. पुढे शाळा सोडल्याचा दाखला निघतो तो याच ओळीवरून. नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, मागची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडताना कोणत्या इयत्तेत, आणि शाळा सोडल्याचं कारण. आमच्या रजिस्टराप्रमाणे निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं आहे. बाप शेतावर, आईला तिथी आठवते पण साल नाही, मग गुरुजींनी शाळेत घालायच्या वयाचा हिशेब मांडून १ जून टाकून दिलेला. वर्तणुकीच्या रकान्यात सरसकट 'चांगली' आहे. त्यातल्या काहींच्या वर्तणुकीचा मी साक्षीदार आहे, पण तो विषय इथला नव्हे.

खरा इतिहास शेवटच्या रकान्यात आहे. एस.एस.सी. उत्तीर्ण, एस.एस.सी. अनुत्तीर्ण, पालकाची बदली, परगावी गेला, सतत गैरहजर म्हणून नाव कमी केलं, घरगुती अडचण. इतक्या वर्षांत कारकून बदलले, अक्षर बदललं, शाईची दौत जाऊन बॉलपेन आलं, पण कारणं जवळपास तीच राहिली.

आमच्यासारख्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेचा इतिहास या रकान्यापासून सुरू करण्यात काही वावगं नाही, कारण संस्थेच्या संस्थापकांनी स्वतः मॅट्रिक न होताच शाळा सोडली होती. कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजचा. कोल्हापूरला जैन बोर्डिंगमध्ये राहून ते राजाराम हायस्कुलात शिकत होते. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर आंघोळ करून आत यायला सांगितलं तेव्हा नकार दिला, म्हणून बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावं लागलं. अभ्यासातही फार गती नव्हती. शाहू महाराजांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला, तेव्हा गणिताच्या मास्तरांनी भाऊराव बसतो तो बाक वरच्या वर्गात घालीन पण भाऊरावाला घालणार नाही, असं उत्तर दिल्याचं सांगतात. गोष्ट सांगणाऱ्यांनी तिला थोडं घासूनपुसून घेतलं असेल, पण निकाल खरा आहे. मॅट्रिकची पायरी त्यांना चढता आली नाही.

आमच्या शाळेत २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंतीची मिरवणूक निघायची. चित्ररथ असायचा, भाषणं व्हायची, पण हा प्रसंग कुणी सांगत नसे. सांगितला तर मुलं गणिताचा अभ्यास सोडून देतील अशी भीती असावी. मला तर तो प्रसंग सर्वांत आधी सांगावासा वाटतो. सातवीत, नववीत मागे राहिलेल्या मुलाकडे बघण्याची या संस्थेची जी एक वेगळी रीत होती, तिचं मूळ मला तिथे दिसतं.

पुढे साताऱ्यात शिकवण्या करणारे 'पाटील मास्तर', मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरणारा माणूस, असा त्यांचा प्रवास झाला. नांगर विकता विकता त्यांनी खेडी पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी सत्यशोधक परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, आणि १९२४ मध्ये संस्थेचं बिऱ्हाड साताऱ्याला आलं. तिथल्या वसतिगृहाचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते ठेवलं गेलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी मुलं एका पंगतीला जेवत आणि स्वयंपाकही पाळीपाळीने करत. आज हे वाक्य सहज लिहून होतं. १९२७ सालच्या सातारा जिल्ह्यात एका पंगतीला बसलेल्या मुलाला सुट्टीत घरी गेल्यावर काय ऐकावं लागत असेल, याची कल्पना जुनी माणसं अजून करू शकतील.

वसतिगृह चालायचं मूठ मूठ धान्यावर. गावोगाव मुष्टी फंड होता. दळायला बसताना बायका एक मूठ बाजूला काढत आणि ती गोळा करायला मुलंच जात. तेही पुरेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही. मुलं त्यांना वहिनी म्हणत. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या इतिहासात भाऊरावांची पानं मोजली आणि लक्ष्मीबाईंच्या ओळी मोजल्या तर हिशेब फार चुकीचा निघतो, एवढं नमूद करून ठेवतो.

या बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या मुलांपैकी बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. बोर्डिंगात वाढलेला मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला, तो परत याच संस्थेत, साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचा प्राचार्य झाला, पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू. जोतीराव फुल्यांचं लेखन त्यांनी इंग्रजीत नेलं. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं; पण त्याच पंगतीत बसलेले, त्यांच्याइतकीच भांडी घासलेले आणि सातवीची फायनल होऊन कुठल्याशा वाडीवर प्राथमिक शिक्षक झालेले जे शेकडो होते, संस्थेचा विस्तार प्रत्यक्षात त्यांच्या पायांनी झाला. १९३५ मध्ये साताऱ्याला ट्रेनिंग कॉलेज निघालं, आणि तिथून शिकून गेलेल्या मास्तरांनी जिल्ह्यात व्हॉलंटरी शाळा चालवल्या, पाचशेहून जास्त. ज्या गावात रस्ता पोचला नव्हता तिथे आधी मास्तर पोचला.

हायस्कूल मात्र वेगळंच प्रकरण होतं. प्राथमिक चार इयत्ता देवळात, चावडीत, झाडाखाली उरकता येतात. हायस्कूल म्हणजे फी, पुस्तकं, आणि तालुक्याच्या गावी राहण्याचा खर्च. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेई आणि ती शहरातल्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून घेई. खेड्यातला मुलगा तिथवर पोचलाच तर भाड्याच्या खोलीत, नातेवाइकाच्या ओसरीवर, किंवा वार लावून जेवत. म्हणून १९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, ते फी नसलेलं आणि वसतिगृह असलेलं. आदल्याच वर्षी वारलेल्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचं नाव त्याला दिलं. मुलांनी शेतात, बांधकामावर, खडीवर राबायचं आणि शिकायचं. 'कमवा आणि शिका' हे शब्द आता सरकारी योजनांच्या पत्रकात येतात. तिथे तो रोजचा कार्यक्रम होता.

या राबण्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोललं गेलं आहे. मुलांकडून मजुरी करून घेतात, असा आक्षेप त्या वेळीही होता. मी स्वतः खडी फोडली आहे, शाळेसाठी नव्हे तर दुष्काळात पोटासाठी, त्यामुळे या कामात काव्य आहे असं मी म्हणणार नाही. पण फुकट मिळालेल्या जागेवर बसलेल्या मुलाची मान आणि आपल्या हाताने सपाट केलेल्या जागेवर बसलेल्या मुलाची मान यांत फरक पडतो. तो मी आमच्या वरच्या वर्गातल्या, साताऱ्याच्या वसतिगृहात राहून आलेल्या शिक्षकांत पाहिला. साहेब आले म्हणून ते कधी धावपळ करत नसत.

१९४८ हे वर्ष संस्थेला फार जड गेलं. भाऊरावांच्या जाहीर टीकेमुळे मुंबई सरकारने अनुदान बंद केलं. माणूस असा की त्याच सुमारास गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कुलं काढण्याचा संकल्प सोडून बसलेला. हातात पैसा नाही, सरकार नाराज, आणि आकडा १०१. पुढे अनुदान सुरू झालं, आणि ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळा शंभराच्या पुढे गेलेल्या होत्या. दुष्काळी पट्ट्यातली आमची शाखा त्यांतलीच एक. (आमच्याकडे शाळेला 'शाखा' म्हणतात. नवीन आलेल्या पाहुण्याला आधी बँकेची वाटते.)

शाखेच्या स्थापनेबद्दल गावात जेवढी घरं तेवढ्या कथा आहेत, आणि प्रत्येक कथेत पहिली वीट सांगणाऱ्याच्या आजोबांची आहे. त्या वादात मी पडत नाही. पहिले वर्ग मारुतीच्या देवळात आणि एका वाड्याच्या सोप्यात भरले, पुढे माळावरची जागा मिळाली, दगड गावाने ओढून आणले आणि पत्रे संस्थेने दिले, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली भूमिती शिकलेली माणसं अजून गावात आहेत.

साठीच्या सुमारास आणखी एक गोष्ट घडली, तिचा उल्लेख शाळांच्या इतिहासांतून फारसा होत नाही. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासांना फी माफ केली. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असेल तर ई.बी.सी.चा फॉर्म भरायचा आणि फीची चिंता सोडायची. आमच्या रजिस्टरात या वर्षांपासून पानं भराभरा भरायला लागतात. एका वर्गात पंचवीस होते तिथे दोन तुकड्या करायची पाळी आली. घराघरातून अकरावीपर्यंत पोचणारा पहिला मुलगा या पानांवर सापडतो.

मी त्याच पानांवर आहे, जुन्या अकरावीचा. आता अकरावीची एस.एस.सी. म्हटलं की नातवंडं चमकतात, म्हणून सांगतो: मॅट्रिक जाऊन १९४९ पासून एस.एस.सी. आली, आणि दहावीची एस.एस.सी. पहिल्यांदा झाली ती १९७५ मध्ये. आम्ही त्याच्या उंबरठ्याअलीकडचे शेवटचे.

अकरावीचं वर्ष म्हणजे रात्रीचा अभ्यास. दिवाळीनंतर सगळ्या मुलांनी रात्री शाळेतच झोपायचं. घरून भाकरी बांधून, घोंगडी आणि कंदील घेऊन यायचं. घरात दिवा एक, माणसं दहा, आणि गुरं त्याच छपराखाली; तिथे अभ्यास होणार कसा, हे सरांना सांगावं लागत नसे. ते स्वतः तसल्याच घरातून आलेले. गणिताचे सर नऊला एक चक्कर मारत, अकराला एक, आणि पहाटे चारला हातात छडी घेऊन उठवायला हजर. त्यांची बायकामुलं लांब गावी, ते इथे एका खोलीत. बदली झाली की ट्रंक उचलून दुसऱ्या शाखेत. या शिकवणीचा पैसा त्यांनी घेतला नाही, आणि घेतला नाही याचा उच्चारही केला नाही. आमच्यातल्या दोघांचा मुक्काम मात्र अभ्यासापेक्षा शेजारच्या हरभऱ्याच्या रानासाठी होता. सरांना ते माहीत होतं. सकाळी ते दोघांना फळ्यापाशी बोलावून खिसे उलटे करायला लावत आणि जे निघेल ते वर्गात वाटून टाकत.

मुलींना रात्री थांबता येत नसे. त्यांचा अभ्यास कुठे होतो, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारल्याचं आठवत नाही. आमच्या वर्गात शेवटपर्यंत टिकलेल्या मुली बोटांवर मोजण्याएवढ्या. बाकीच्यांची नावं रजिस्टरात आठवीच्या आणि नववीच्या पानांवर थांबतात, कारण: घरगुती अडचण. त्या अडचणीला मांडव होता, वाजंत्री होती आणि आम्ही तिथे जेवलोही होतो. एकाही ओळीत 'लग्न' हा शब्द नाही. कारकुनाने कायदा जपला की मुलीच्या बापाची अब्रू, कोण जाणे.

१९७२ च्या दुष्काळाची पानं वेगळी ओळखू येतात. 'सतत गैरहजर' हा शेरा एकाखाली एक, पानभर. मुलं कामावर होती. पाझर तलाव, रस्ते, नाला बंडिंग, जिथे हजेरी पडेल तिथे. घरात अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी, कामावर सुकडी. वर्गात निम्मी बाकं रिकामी असताना आमचे हेडसर एका रविवारी कामावरच आले, मुकादमाशी बोलले, आणि अकरावीच्या मुलांना परीक्षेपर्यंत अर्ध्या दिवसाने सोडावं असं ठरवून गेले. पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी असं काही करणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांतली बरीचशी दुष्काळ संपल्यावरही परत आली नाहीत. रजिस्टरात त्यांच्यापुढे शाळा सोडल्याची तारीख आहे, पण त्या तारखेला ती मुलं शाळेत आलीच नव्हती.

'परगावी गेला' या शेऱ्याचाही एक भूगोल आहे. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनंचांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामात देशभर पसरली आहेत. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा मामाबरोबर किंवा चुलत्याबरोबर दक्षिणेत जायचा आणि भट्टीपुढे बसायचा. नववी नापास झालेली अशी मुलं आज तमिळनाडूत आणि केरळात स्वतःची दुकानं चालवतात, तमिळ-मल्याळम सफाईने बोलतात आणि यात्रेला गावी येतात. शाळेच्या नव्या खोल्यांच्या देणगीदारांची यादी पाहिली तर वरची बरीच नावं हीच आहेत. निकालाच्या तक्त्यात त्यांचा ठावठिकाणा नाही.

उलट्या दिशेनेही एकदा लोंढा आला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बघता बघता 'मागील शाळा' या रकान्यात मुंबई महापालिकेच्या शाळांची नावं दिसू लागली. लालबाग-परळच्या चाळीतून उठून आलेली ही मुलं आमच्या मुलांपेक्षा बोलण्यात तरबेज होती. त्यांना विहिरीवर पोहता येत नव्हतं, एवढंच. बापाचा संप मिटेल म्हणून एका वर्षासाठी आलेली पोरं इथेच दहावी झाली. संपाबद्दल जाडजूड पुस्तकं निघाली, पण गिरणगावातून उठलेली मुलं नेमकी कुठल्या शाळांच्या बाकांवर जाऊन बसली, हे असल्या रजिस्टरांतूनच कळेल.

त्यानंतरचा भाग मी भराभर सांगतो, कारण तो बहुतेक वाचकांनी पाहिलेला आहे. मुलींचं शिक्षण मोफत झालं, एस.टी.चा पास मोफत झाला, आणि 'घरगुती अडचण' हळूहळू कमी होत गेली. आता दहावीच्या वर्गात मुली जास्त असतात आणि पहिल्या तिघांत मुलगा आला तर शिक्षकांच्या खोलीत त्याची चर्चा होते. सिमेंटची इमारत झाली, संगणक आले, २०१९ मध्ये संस्थेने शंभरी साजरी केली. त्याच काळात आमचा पट उतरत गेला. गावातून सकाळी पिवळ्या बसगाड्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे जातात, आणि त्यांत आमच्या माजी विद्यार्थ्यांचीच नातवंडं असतात. काही विषयांना कायमचा शिक्षक नाही. जयंतीला हार घालणाऱ्या हातांनी नातवाचा प्रवेश कुठे घेतला, असं मी सभेत एकदा विचारलं होतं. चहा लवकर आला त्या दिवशी.

या वर्षी दहावीच्या मुलांच्या निरोप समारंभाला मी होतो. भाषणं ठरीव असतात. सरांची माफी, शाळेचे उपकार, डोळ्यांत पाणी. एक मुलगी मात्र उठून म्हणाली की शाळेने मला काय दिलं ते मला अजून माहीत नाही, दहा वर्षांनी येऊन सांगेन. टाळ्या कमी पडल्या. माझ्या मते त्या समारंभात एवढं एकच भाषण अभ्यास करून केलेलं होतं. आम्हीही बाहेर पडलो तेव्हा आम्हाला काही कळलेलं नव्हतं. वर्तमानपत्रात आपला नंबर सापडतो का, तो शोधायला एस.टी. स्टँडवर एका पेपरभोवती वीस डोकी जमली होती, आणि ज्याला सापडला तो पळत सुटला. ज्यांना सापडला नाही ते तिथेच उभे राहिले. त्यांच्याकडे मी तेव्हा वळून पाहिलं नव्हतं.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. या स्मरणिकेत जागा होती तेवढं आलं आहे. पुरवणी काढण्याचं समितीने मान्य केलं आहे. तिच्यात निकालाचा तक्ता असणार नाही. अकरावी-दहावीपर्यंत न पोचलेल्यांनी, मध्येच नाव कमी झालेल्यांनी, लग्न होऊन गेलेल्या मुलींनी आणि गलाईवर गेलेल्या मुलांनी आपली हकीकत पाठवावी. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्या, नाहीतर शाळेत येऊन सांगा, इथली मुलं उतरवून घेतील. आपलं नाव रजिस्टरात कितव्या नंबरावर आहे ते कचेरीत विचारलंत तर पाहून सांगतील. जुने फोटो असतील तर तेही आणा, काम झालं की परत मिळतील. फोटोच्या मागे नाव आणि साल पेन्सिलीने लिहा. शाई पुढे उमटते.